सुनीतीच्या दंडावरची पाहुणी

मुलीला शाळेत घालायला काय लागतं, असं मला त्या पौषापूर्वी कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की एक पाटी, एक पेन्सिल आणि मास्तरांपुढे ठेवायला एक नारळ. हे तिन्ही घेऊन मी कर्जतच्या मराठी शाळेत गेलो. हेडमास्तरांनी नारळ ठेवून घेतला, पाटी-पेन्सिलीकडे पाहिलंही नाही आणि माझ्या सुनीतीला म्हणाले, "बाह्या वर कर बघू."

सुनीतीने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या. हेडमास्तरांनी चष्मा सारखा करून दोन्ही दंड पाहिले आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी मुलगी अर्धवटच घेऊन आलो होतो.

"हिच्या देवी काढलेल्या नाहीत," ते म्हणाले.

लढाई संपून वर्ष व्हायचं होतं. घाटाखाली ठिकठिकाणी देवीची साथ असल्याचं कानावर येत होतं, आणि दंडावर वण नसलेलं पोर वर्गात बसवायचं नाही, असा हुकूम शाळेला वरून आला होता. हेडमास्तर हुकमाचे पक्के. त्यांनी मला शांतपणे सांगितलं की बिगारीच्या, म्हणजे अगदी पहिल्या वर्गाची नावं माघी पौर्णिमेला बंद होतील, त्याच्या आत देवी डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर मग पुढच्या साली बघू. नारळ मात्र त्यांनी परत दिला नाही. मीही मागितला नाही. देवाला आणि मास्तरांना दिलेला नारळ मागायचा नसतो.

परतताना सुनीती पाटी छातीशी धरून चालली. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुली दसऱ्यापासून शाळेत बसत होत्या. हिला त्या वेळी गोवर निघाला म्हणून राहिली, आणि तेव्हापासून रोज शाळेची घंटा झाली की ही ओटीवर पाटी घेऊन बसायची आणि एकटीच हजेरी घ्यायची. स्वतःच नाव पुकारायची, स्वतःच "हजर" म्हणायची. द्वारका, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आणखी एक वर्ष ही अशी ओटीवर बसली, तर मीच शाळेत जाऊन गोंधळ घालीन." ती घालील, हे मला माहीत होतं.

आता सुनीतीच्या देवी लहानपणीच का काढल्या नाहीत, याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसलेलं होतं. माझी आत्या. मला तिनेच वाढवलं. ती नऊ वर्षांची असताना घरात देवी आल्या. आत्या वाचली, चेहरा खडबडीत झाला. तिचा धाकटा भाऊ, मी कधी न पाहिलेला माझा काका, गेला. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. म्हणायचंच झालं तर "ती बाई" म्हणायचं.

मी विषय काढला तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "न बोलावता आली तेव्हा काय करून गेली, ते माझ्या तोंडावर लिहिलेलं आहे. आता तिला हाताला धरून बोलावून आणू?"

इथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी भातगिरणीत कारकून आहे हे पोटापुरतं. खरा मी रामाच्या देवळातला. आमच्या उत्सवाच्या कीर्तनांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. बुवांना आणायचं, उतरवायचं, पेटीवाल्याला वेळेवर जागं करायचं, आणि मध्यंतरी, पूर्वरंग संपल्यावर, बुवांच्या गळ्यात हार घालून बुक्का लावायचा, हा मान गेली कित्येक वर्षं माझा. इतकी कीर्तनं ऐकल्यावर माणसाच्या बोलण्याला एक वळण लागतं. दोन पैशांची कोथिंबीर आणायची असली तरी मी आधी थोडं निरूपण करतो, असं द्वारका म्हणते. ते खोटं नाही.

तर मी आत्यासमोर मांडी घालून बसलो आणि निरूपणाला लागलो. म्हटलं, "आत्या, न बोलावता आलेला पाहुणा रागात असतो. तो घरभर फिरतो, कोठीत शिरतो, दिसेल त्याला हात लावतो. पण आवतण देऊन, पाट मांडून आणलेला पाहुणा? तो पाटावरच बसतो. ही लस म्हणजे त्या आईसाठी मांडलेला पाट. दंडावर चार बोटं जागा द्यायची. ती तिथेच बसते, आठ दिवस राहते, मान घेते आणि जाते. मग पुन्हा त्या घरात रागाने येत नाही."

मला स्वतःला ते इतकं आवडलं की डोळ्यांत पाणी आलं. आत्याने सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "पाट मांडणार असशील, तर सगळं रीतसर झालं पाहिजे. मग मध्येच सरकारी कारणं सांगायची नाहीत."

मी हो म्हटलं. त्या क्षणी तरी मला त्या होकारात काही धोका दिसला नाही.

देवी डॉक्टर म्हणजे आबाजी. कर्जत आणि खालापूर दोन्हीकडची पोरं एकट्याने टोचायची म्हणजे त्यांना एका जागी सापडणं अवघडच. मी गिरणीतून रजा घेऊन खालापूरच्या कचेरीत गेलो, तर आबाजी बाजाराच्या दिवसामुळे कशेळ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी कशेळ्याला गेलो, तर ते कालच चौक गावाला गेले होते. तिथे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एका चहाच्या दुकानात ते अखेर सापडले. खाकी कोट, मांडीवर पेटी, आणि पायात बूट. त्या बुटांचं आबाजींना फार कौतुक. चालताना ते करकरत, आणि आबाजी मुद्दाम सावकाश चालत, म्हणजे करकर नीट ऐकू जावी.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की एका पोरीसाठी लशीची नळी फोडता येत नाही. काचेची बारीक नळी असते, एकदा फोडली की ठेवता येत नाही. दहा-बारा पोरं जमवा, मी येतो. आणि उठताना आणखी एक सांगितलं, की टोचलं म्हणजे दाखला मिळाला असं समजू नका. दाखला टोचल्याचा नसतो, उगवल्याचा असतो. आठव्या दिवशी मी येऊन फोड पाहणार, मग लिहून देणार.

मुलीला शाळेत घालण्याच्या साध्या कामातून माझ्यावर आता गावातली पोरं जमवण्याचं काम येऊन पडलं.

पहिले आमचे शेजारी नाना वकील. त्यांचा मधू सुनीतीहून वर्षाने मोठा, शाळेत जाणारा. नाना पाटावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मला जवळजवळ कोर्टात उभं केलं. लस चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, म्हणाले, प्रश्न सक्तीचा आहे. आज दंड बघून शाळेत घेतात, उद्या दात बघून घेतील. बापाच्या मर्जीविरुद्ध पोराच्या अंगाला हत्यार लावायचा अधिकार कोणी दिला? त्यांनी इतके मुद्दे काढले की निघताना मला वाटलं आपण बहुधा काहीतरी गुन्हा करतो आहोत. खरं सांगायचं तर सक्ती मलाही आवडत नाही. रामाच्या देवळात येणाऱ्याने घंटा वाजवलीच पाहिजे, असा उद्या हुकूम निघाला, तर मी घंटेला हात लावणार नाही. पण घंटा नाही वाजवली तर शेजारच्या पोराला ताप येत नाही, एवढा फरक मला वाटेत सुचला. परत जाऊन तो नानांना सांगावा असं वाटलं, पण तोवर त्यांच्याकडे पक्षकार आले होते.

समोरच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या की आधी तुमच्या सुनीतीचं काय होतं ते बघू. आळीतले एक गृहस्थ म्हणाले की टोचायला हरकत नाही, पण संकष्टीला नको, अमावास्येला नको, शनिवारी नको. राहिलेले दिवस मी मोजले, तर आबाजींचे फिरतीचे निघाले.

माझी लाज राखली ती सुंदराने. ती जवळच्या कोंडाण्याच्या वाडीहून रोज दूध घेऊन येते. मी दाराशी कपाळाला हात लावून बसलेला पाहून तिनेच विचारलं, आणि ऐकून घेऊन म्हणाली, "माजी दोगं आनते की. नागू आन् वाघ्या. वाडीतल्या बायांना बी सांगते. आता भात झोडून झालंय, चार दिस हात दुखला तरी काय काम नाय. पावसात भाताच्या आवणीच्या टायमाला सांगितलं असतंस तर नसत्या आल्या." मग मडकं उचलताना तिने विचारलं, "खायाला काय देनार?"

मी गुळाचा शिरा कबूल केला. साखरेचं रेशन होतं.

ठरल्या दिवशी रामाच्या देवळाच्या ओवरीत सुंदराने पंधरा-सोळा पोरं आणून बसवली. सगळी शिऱ्याच्या भांड्याकडे तोंड करून. आबाजी करकरत आले. त्यांच्या पेटीत दाते असलेली एक फिरकी होती. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा आणि फिरकी टेकवून गर्रकन फिरवायची. नागू आणि वाघ्या काही न बोलता टोचून घेऊन शिऱ्यापाशी गेले. सुनीतीची पाळी आली आणि तिने खांबाला जी मिठी मारली, ती सोडवेना. द्वारकाने समजावलं, आबाजींनी दटावलं, मी रामरक्षा सुरू केली. मग गर्दीतून मधू पुढे आला. त्याने शर्टाची बाही वर केली.

"काही होत नाही गं. हे बघ. मला मुंबईच्या मामाकडे काढल्यात."

त्याच्या दंडावर चार वण होते, स्वच्छ, रुपयाएवढे. सुनीतीने ते पाहिले, ओवरीतल्या सगळ्यांनी पाहिले, आणि मग सगळ्यांनी खांबामागे उभ्या असलेल्या नानांकडे पाहिलं. नाना जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "माझा विरोध सक्तीला आहे, लशीला नाही. सक्ती होण्याआधीच मी स्वखुशीने काढून घेतल्या." वकिलाला कोणी अडवू शकत नाही. सुनीतीने खांब सोडला.

आबाजींनी पेटी बंद करता करता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या काढलेल्या आहेत ना?" मी म्हटलं की आता शिरा वाटायला घ्यायचा आहे. तेही घाईत होते.

घरी पोचलो तर दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. आत ओटीवर एक पाट, त्यावर स्वच्छ धुतलेलं धोतर घडी करून घातलेलं, ते माझं. आत्याने सुनीतीला पाटावर बसवलं, पायांवर पाणी घातलं आणि हात जोडून म्हणाली, "या आई. बसा."

सुनीतीने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

आत्याने मग घरातल्यांना बोलावून नियम सांगितले. आई घरात आहे तोवर चुलीवर फोडणी पडायची नाही. तळण नाही. चामड्याचं काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कोणी दाढी करायची नाही, केस कापायचे नाहीत. कोणी कोणावर आवाज चढवायचा नाही. घरात आईहून मोठं कोणी नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला नमस्कार करायचा नाही, हार घालायचा नाही, पाहुणा आला तर त्याला निरोप द्यायला दारापर्यंत जायचं नाही. मी म्हटलं, "आत्या, ही नुसती लस आहे." ती म्हणाली, "पाट मांडतो म्हणालास तो तूच ना?"

पहिले दोन दिवस मी बिनफोडणीचं वरण भक्तिभावाने गिळलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींच्या घरून हिंग-मोहरीचा वास आला तेव्हा मला देवाचं नाव आठवेना. सुनीतीला मात्र आपल्या पदाचा अर्थ लवकर कळला. सकाळी पाटावर बसून ती गंभीरपणे म्हणाली, "देवीला लाडू हवा." आत्याने लाडू केला. दुपारी देवीला पेरू हवा होता. संध्याकाळी देवीला वाटलं की द्वारकाने तिची वेणी घालताना ओढू नये. द्वारका तिला "आपण जरा मान खाली घालता का?" असं म्हणून वेणी घालू लागली, आणि माझ्याकडे बघून दात खाऊ लागली. आवाज न चढवता माणूस किती रागावू शकतो, हे मी त्या आठवड्यात पाहिलं.

दाढीचं प्रकरण गिरणीपर्यंत गेलं. पाचव्या दिवशी माझे खुंट चांगलेच वाढले होते, तर शेठ स्वतः माझ्या मेजापाशी आले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मी सांगू लागलो की कोणी गेलं नाही, उलट कोणीतरी आलं आहे, पण ते माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेले. संध्याकाळी गिरणीतली चार माणसं घरी दुखवट्याला आली. ती ओटीवर मान खाली घालून बसली. मी काही सांगायचा प्रयत्न केला की ती म्हणत, राहू द्या, बोलवत नसेल तर बोलू नका. निघाली तेव्हा मला दारापर्यंत जाता येईना. ती म्हणाली असतील, बिचाऱ्याला फार लागलंय, उठवतही नाही.

याच दिवसांत सुनीतीला ताप आला. दंड सुजला, चारी ठिकाणी फोड टरारले. आबाजींनी सांगितलेलंच होतं की ताप येईल, त्यामुळे मला काळजी नव्हती. म्हणजे असावी तेवढीच होती. आत्या मात्र तिच्या पाटाजवळून हलली नाही. कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालायची, आणि थोड्या थोड्या वेळाने सुनीतीचा चेहरा उजेडाकडे वळवून न्याहाळायची. गाल, कपाळ, पापण्या. मी विचारलं काय बघतेस. तिने पुन्हा पाला हलवला. ती काय बघत होती, ते मला नंतर कळलं. ती बाई पाटावरून उठून घरभर फिरायला लागली की काय, एवढंच ती बघत होती.

सहाव्या दिवशी ताप उतरला. चेहरा होता तसाच राहिला.

आठव्या दिवशी सकाळी आबाजी आले. करकर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी ते डोंगराकडच्या वाड्यांवर जाणार होते, परत येईपर्यंत पौर्णिमा होऊन जाणार होती. म्हणजे हा दिवस गेला तर सुनीतीचं साल गेलं. मी पुढे होणार तेवढ्यात आत्या उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"फोड बघायचे आहेत," आबाजी म्हणाले.

"तुम्ही आईची तपासणी करणार?" आत्याने विचारलं. "ती आली की नाही, नीट बसली की नाही, याचा दाखला तुम्ही तिच्याकडे मागणार? आणि तोही बूट घालून?"

आबाजींनी नियम सांगितला. आत्याने तिचे नियम सांगितले. दोघांच्या नियमांत एकही सारखा निघाला नाही. आबाजींचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "पाहिल्याशिवाय दाखला नाही. मी उद्या पहाटे जातो," आणि करकरत निघून गेले. मी त्यांना थांबवायला धावलो, तर आत्या म्हणाली, "दारापर्यंत जायचं नाही." मी उंबऱ्याशी थांबलो. माझंच निरूपण माझ्यासमोर आडवं उभं होतं, नऊवारी नेसून.

सुनीतीने आतून सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. पाटावर बसल्या बसल्या तिने मला विचारलं, "ते बूटवाले आज कीर्तनाला येणार आहेत का?"

येणार होते. त्या संध्याकाळपासून आमचा उत्सव होता, अलिबागकडचे बुवा यायचे होते, आणि आबाजींचा मुक्काम देवळाच्याच धर्मशाळेत होता. मी तसं सांगितलं. सुनीतीने थोडा विचार केला आणि आत्याला हाक मारून म्हणाली, "देवीला कीर्तनाला जायचंय."

आत्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हरिकथा आहे. नेलं पाहिजे."

मला वाटलं आता वाट सापडली. दुपारी बुवा उतरले तेव्हा मी त्यांना नमस्कार न करता लांब उभा राहिलो. त्यांना वाटलं मला सुतक आहे, तेही लांब उभे राहिले. तसंच लांबून मी त्यांना सगळी हकीकत सांगितली आणि विनवलं की उत्तररंगात असं एखादं आख्यान लावा की आत्याचं मन वळेल, देवीला पाहू द्यावं असं तिला वाटेल. बुवा म्हणाले, "काळजी नको. लावतो."

पूर्वरंग संपला. हाराचं तबक आलं. आजवर या वेळी मी उठत असे. त्या दिवशी आठ दिवसांचे खुंट वाढवून मी खांबाला टेकून बसलो होतो, आणि हार घालायला नाना वकील उठले. त्यांनी हार घातला तो वाकडा, बुक्का लावला तो भुवईवर. मी फक्त डोळे मिटले.

मग उत्तररंग. बुवांनी एक राजा उभा केला आणि एक म्हातारी. म्हातारी म्हणायची की माझ्या घरी देव पाहुणा आला आहे. राजाने शिपाई पाठवले, म्हणाला पुरावा दाखव. बुवांचा आवाज चढला, पेटी चढली, तबला चढला, आणि बुवांनी टाळ उंच धरून सांगितलं की ज्याने देवाला पुरावा मागितला, त्याच्या दारातून देव निघून गेला. सगळं देऊळ हेलावलं. बायका डोळे पुसू लागल्या. आत्या तर हुंदके देत होती. मी बुवांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी माझं काम केलं.

माझ्यापुरतं सुनीतीचं साल गेलं होतं. सुनीती माझ्या शेजारी ताठ बसली होती आणि आबाजींच्या पायांकडे पाहत होती. देवळात त्यांच्या पायांत बूट नव्हते.

आरती झाली, आणि बुक्का लावून घ्यायला माणसं उठू लागली. तेवढ्यात आत्या उठली. ती बायकांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला आली, तिने सुनीतीचा हात धरला आणि ती थेट आबाजींसमोर उभी राहिली.

"पुरावा मागायचा नाही, हे बुवांनी सांगितलं," ती म्हणाली. "पण आज आठवा दिवस. पाहुणी आज जाते. जो घेऊन येतो, त्याने पोचवायला यायचं असतं. हिला तुम्ही आणलंत आबाजी. तुम्हीच निरोप द्या."

आबाजी गोंधळले. निरोप कसा देतात ते त्यांच्या खात्यात लिहिलेलं नव्हतं.

"काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"हात जोडायचे. वाकायचं. आणि जाताना तिच्याकडे नीट बघायचं. तोंड फिरवून पाहुण्याला निरोप देत नाहीत."

आत्याने स्वतःच्या हाताने सुनीतीची बाही वर केली. पेटीवाल्याने गॅसबत्ती जवळ आणली. आबाजींनी हात जोडले, वाकले, आणि मग त्यांचं नाक सुनीतीच्या दंडापासून वीतभर अंतरावर थांबलं. चारी फोड, गोल, भरलेले. ते बराच वेळ वाकून राहिले. लोकांना वाटलं काय भक्ती आहे, आणि आणखी चार-पाच जण वाकले.

"चारी उगवल्या," आबाजी हळूच म्हणाले.

आत्याने सुनीतीच्या गालावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. अगदी गुळगुळीत गाल. "पाटावरच बसली," ती म्हणाली, माझ्याकडे बघून नाही, कोणाकडेच बघून नाही. "घरभर फिरली नाही." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि आबाजींच्या हातात नारळ दिला. सरकारी माणसाला नारळ घेता येतो की नाही, याचा आबाजींनी थोडा विचार केला आणि घेतला. दाखला त्यांनी तिथेच, बुवांच्या पेटीवर कागद टेकवून लिहिला.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ज्या वहिनी आधी सुनीतीचं काय होतं ते बघू म्हणाल्या होत्या, त्यांनी आता बघितलं होतं. त्यांनी विचारलं, आमच्या पोरांना उद्या सकाळी काढाल का? त्यांच्यामागून आणखी दोघी उभ्या राहिल्या. आबाजी म्हणाले की पहाटे निघायचं होतं, पण एक नळी आहे, उशिरा निघतो. आणि मग आत्या, जी आजवर माझ्या बाजूने कधी कोर्टात उभी राहिली नव्हती, शांतपणे म्हणाली, "ह्याच्याही काढा. हा पाळण्यात असताना टोचणारा आला होता, तेव्हा मीच ह्याला भाताच्या कणगीत लपवला होता."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. नाना वकील म्हणाले की इथे सक्तीचा प्रश्न येतो खरा, पण या बाबतीत त्यांचा विरोध नाही.

सकाळी ओवरीत मी पोरांच्या रांगेत उभा राहिलो. मागे सुंदरा दुधाचं मडकं घेऊन थांबली होती. फिरकी दंडाला टेकली तेव्हा मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा आडवा होतो, डोक्याखाली तबल्याची गादी. सुंदरा म्हणाली, "माजा वाघ्या नुसता हसला होता. तुला शिरा आनू का?"

सुनीती त्याच दिवशी शाळेत गेली. पाटी, पेन्सिल आणि दाखला घेऊन; नवा नारळ नाही. द्वारका तिला पोचवायला गेली आणि शाळेत गोंधळ न घालता परत आली. संध्याकाळी सुनीती घरी आली तेव्हा मी ओटीवर पाटावर बसलेला होतो, दारावर नवा डहाळा. तिने दप्तर ठेवलं, पाटी समोर धरली आणि माझी हजेरी घेतली. मी "हजर" म्हटलं. "मोठ्याने बोलायचं नाही," ती म्हणाली. "देवी घरात आहे."

मला ठाऊक होतं की त्या संध्याकाळीही बुवांचं कीर्तन आहे, आणि मला उत्सव संपेपर्यंत कोणाला हार घालता येणार नाही. हेही ठाऊक होतं की आता आठ दिवस मला घरात कोणी वावगं बोलणार नाही. वहिनींच्या घरून वास आला. मी धीर केला, पाटावर सरळ बसलो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, "देवीला आमटी हवी. हिंगाची फोडणी घालून."

आतून भांडी वाजायची थांबली.

"देवी असं मागत नाही," आत्या म्हणाली. "हे तूच मागतोयस."